पात्यावरचा केस

२ सप्टेंबर

बायकोला, मिसाएला, अजून सांगितलेलं नाही. तलवार दुकानात, उसवलेल्या चटयांच्या ढिगामागे कापडात गुंडाळून ठेवली आहे, आणि मी मागच्या खोलीत बसून लग्न ठरलेल्या पोरासारखा एकटाच हसतो आहे.

ओगाता गुरुजींच्या तलवारीच्या तालमीला कापण्याच्या चटया कितीतरी वर्षं मीच पुरवतो. गिऱ्हाइकांच्या घरच्या तातामी, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटया, नव्याने मढवल्या की जुनं गवती आवरण माझ्याकडे उरतं. ते गुंडाळायचं, बांधायचं, रात्रभर पाण्यात भिजवायचं, निथळवायचं, लाकडी खुंटावर उभं करायचं. मग बाकीच्यांनी आपापली तलवार काढून सपकन कापायचं आणि त्सुरुदासाननी, म्हणजे मी, पडलेले तुकडे टोपलीत भरायचे. मीही तिथला शिष्यच, पण माझ्या हातात तालमीची तलवार, तीही पाळी येईल तेव्हा. बोलून कोणी दाखवत नाही, पण त्यांच्या लेखी मी चटईवालाच.

आता माझी स्वतःची तलवार आहे. शहरातल्या कुरोगीच्या दुकानातून घेतली. घडवणाऱ्याची सही नाही, म्हणून माझ्यासारख्याला परवडली. पण हाताने घडवलेली, जुनी, आत मऊ लोखंड आणि वर कडक पोलादाचं कवच, थर देऊन ठोकलेली. धारेवर धुक्यासारखी पांढरी रेघ. हातात घेतली आणि खाली ठेववेना.

"शोभेला ठेवणार ना?" कुरोगीने विचारलं.

"कापायला."

त्याने पुसायचा कागद खाली ठेवला. "हिने फार काम केलंय हो. किती वेळा घासून पॉलिश झाली असेल, गणती नाही. आता जरा आराम दिलात तर बरं."

गिऱ्हाइकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची ही रीत असणार. जुन्या मालाचं कौतुक असंच करतात. किंमत जरा कमी होईल का, असं मी अडखळत विचारलं तर चटकन हो म्हणाला. मी बाहेर पडून कोपऱ्यावर वळेपर्यंत तो दारात वाकून उभा होता. माणूस सभ्य आहे.

३ सप्टेंबर

मिसाएला सापडली.

"अहो, ढिगामागे काय लपवलंय? बाई असती तर एवढ्या मऊ कापडात गुंडाळली नसती तुम्ही!"

दिवसभर बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "निदान तिला दुकानात ठेवू नका. ओल असते तिथे." म्हणजे राग गेला.

६ सप्टेंबर

तलवार स्वच्छ केली. मुठीतली बांबूची खुंटी घट्ट आहे. पात्याच्या मध्यावर एक फिकट, मातकट डाग आहे, बोटभर लांब. तिथे वरचं कवच घासून घासून पातळ झालं असावं. वयाच्या खुणा. माझ्याही डोक्यावर तसा एक आहे.

टोकापासून वीतभर अलीकडे, धारेपाशी एक केस चिकटला होता. कागदाने पुसला, गेला नाही. तेलाचा ओघळ असेल. दिव्याखाली पातं जरा फिरवलं तर दिसेनासा झाला.

८ सप्टेंबर

आज दुकानामागच्या अंगणात पहिल्यांदा कापलं!

तीन गुंडाळ्या उभ्या केल्या होत्या. पहिला काप अर्ध्यातच अडकला. दुसऱ्यांदा श्वास सोडला, तलवार डोक्यावर नेली आणि तिरपी खाली आणली. काही लागलंच नाही. मला वाटलं हुकलं. मग वरचा अर्धा भाग हळूच घसरून जमिनीवर पडला. मी तिथेच उभा राहून मोठ्याने ओरडलो. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तेवढ्यात डॉक्टर आला. डॉक्टर म्हणजे नागामिने, दातांचा डॉक्टर. आम्ही पहिलीपासून एका बाकावर, आता एकाच तालमीत. त्याच्या वडिलांचा दवाखाना होता, माझ्या वडिलांचं चटयांचं दुकान, एवढाच काय तो फरक, असं तो म्हणतो. त्याच्याकडे मोठ्या घराण्यातली तलवार आहे, सहीची.

"अरे काझू, आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं! मुलगा झाला की काय या वयात?"

"बघ तर खरं," म्हणून मी तलवार पुढे केली.

त्याने रुमाल घेऊन पातं पेललं, उन्हाकडे धरलं. पुढे-मागे केलं. दवाखान्यात तोंडात बघतो तसं एक डोळा बारीक करून बघत राहिला. हसू केव्हा मावळलं ते मला कळलं नाही.

"आज किती कापलंस?"

"तीन. पैकी दोन फक्कड."

"हं." त्याने तलवार अलगद परत दिली, अगदी तान्हं मूल द्यावं तशी. "म्यान फार सुंदर आहे रे. लाखेचं काम बघ."

कौतुकाला त्याला दुसरं काही मिळालं नाही! पोटात दुखलं असणार. चटईवाल्याच्या हातातही तलवार शोभते, हे पचायला जरा वेळ लागतो.

१४ सप्टेंबर

तालमीत आज माझी तलवार सगळ्यांनी पाहिली. आमच्याकडे ही रीतच आहे. नवी तलवार आली की ती गादीवर ठेवायची, एकेकाने वाकून नमस्कार करायचा, रुमालाने उचलून उजेडात बघायची आणि जे चांगलं दिसेल ते बोलायचं. वाईट बोलायचं नाही. उणं काय ते मालकाने विचारलं तरच सांगायचं, न विचारता सांगणं म्हणजे माणसाचा पाणउतारा. ही शिस्त मला फार आवडते.

एकाने मुठीच्या विणकामाची स्तुती केली. दुसऱ्याने मुठीजवळच्या लोखंडी चकतीवर कोरलेल्या बगळ्यांची. तिसऱ्याने म्यानाच्या दोऱ्याचा रंग नावाजला. शेवटी गुरुजींनी घेतली. त्यांची नजर हल्ली अधू झाली आहे, तरी बराच वेळ त्या मातकट डागावर थांबले.

"त्सुरुदासान," ते म्हणाले, "पुष्कळ लढलेली दिसते. आपल्याला काही विचारायचं आहे का?"

अशी संधी पुन्हा यायची नाही. मी कपाळ चटईला टेकवलं आणि म्हणालो, "गुरुजी, यंदाच्या उत्सवात देवापुढे काप अर्पण करायची परवानगी द्यावी. माझ्या स्वतःच्या तलवारीने."

डॉक्टर समोर बसला होता, तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

"तेवढंच विचारायचं होतं?" गुरुजींनी विचारलं.

"तेवढंच."

"इतकी वर्षं आपल्या चटयांवर ही तालीम चालली," गुरुजी म्हणाले. "मी नाही कसं म्हणू?"

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. मिसाएने डुकराच्या मटणाचं सूप केलं होतं, दोन वाट्या प्यालो.

१९ सप्टेंबर

डॉक्टरने दवाखान्यात बोलावलं. दाढ बघतो म्हणाला. दाढ ठणठणीत आहे, हे मी त्याला फोनवरच सांगितलं होतं.

खुर्चीत बसवलं आणि माझ्या तोंडात बघायचं सोडून पडद्यावर कुणाच्या तरी दाताचा फोटो लावला.

"ही रेघ दिसते? केसासारखी?"

"दिसते."

"हा तडा. याला दुखत नाही. माणूस कडक भाकऱ्या खातो, बर्फ फोडतो, काही होत नाही. त्याला वाटतं दात लोखंडाचा आहे. मग एक दिवस भातात साधा खडा येतो आणि दात उभा दुभंगतो."

"मग तू टोपी बसवतोस आणि बिल फाडतोस!"

तो हसला नाही. "याला टोपी नाही बसत, काझू. हे फक्त वापरणं बंद करायचं असतं."

बिचाऱ्याचं धंद्यात लक्ष लागत नाही वाटतं. कोणाच्या तरी दाताची गोष्ट मला ऐकवत बसला. निघताना हातावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर पेशंट आला.

२६ सप्टेंबर

लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

डॉक्टर दुकानात आला, चटईच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "ती तलवार मला विकत दे. दुप्पट देतो. तिप्पट म्हणशील तर तिप्पट."

मला आधी गंमत वाटली. "तुझ्याकडे आहे ना सहीची?"

"ही मला हवी आहे."

"कशाला?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. दोनदा "काझू, हे बघ," एवढंच म्हणाला.

मग माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुला विद्यापीठ मिळालं, दवाखाना मिळाला, गावात दोन्ही बाजूंनी नमस्कार मिळतात. माझ्या वाट्याला आयुष्यात एकदा एक चांगली वस्तू आली, तीही तुला बघवत नाही? चटईवाल्याने चटयाच गुंडाळाव्यात, असंच ना?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

तो उठला. बूट घालताना पाठमोराच म्हणाला, "निदान उत्सवात खुंटावर चटई मी लावतो. तेवढं मला करू दे."

मी हो म्हणालो. एकदा तरी डॉक्टरने माझ्यासाठी चटई लावावी, हा विचार गोड वाटला. आता एवढ्या रागातही वाटतो, त्याची लाज वाटते.

३ ऑक्टोबर

वादळ येऊन गेलं. दुकानाचे दोन पत्रे उडाले. दोरी घेऊन शिडीवर चढलो तर मिसाए खालून ओरडत होती, "पडलात तर मी तुमच्या त्या सवतीला विकून हॉस्पिटलचं बिल भरीन!"

संध्याकाळी अंगणात पाच गुंडाळ्या कापल्या. पाचही स्वच्छ. शेवटच्या कापाला हाताला एक बारीक झिणझिणी आली, घंटेला बोट लावल्यावर येते तशी. पकड सैल झाली असेल.

पुसताना तो केस पुन्हा दिसला. जरा लांब वाटला. उजेड तिरपा होता.

७ ऑक्टोबर

मिसाए भाजी निवडता निवडता म्हणाली, "डॉक्टर भेटले होते बाजारात. म्हणाले, तलवार एकदा पॉलिशवाल्याकडे नेऊन विचारा."

"काय विचारा?"

"ते नाही म्हणाले. तुम्ही विचारलंत तर तो सांगेल म्हणाले."

"तुला मध्ये घालतो होय! मला तोंडावर सांगायची हिंमत नाही."

"अहो, किती वाळलेत ते. एकदा जाऊन तर या."

पॉलिशवाला उत्सवापर्यंत तलवार परत देणार नाही. डॉक्टरला हे चांगलं ठाऊक आहे. मी काय खुळा आहे?

१२ ऑक्टोबर

गुरुजी स्वतः घरी आले. असं कधी झालं नव्हतं. मिसाएची धांदल उडाली, रताळ्याच्या उकडलेल्या वड्या ताटात मांडून आणल्या. गुरुजींनी एक खाल्ली, छान आहे म्हणाले, आणि कापडातून आपली तलवार काढून माझ्यापुढे ठेवली.

"उत्सवाला ही वापरावी. माझे खांदे आता गेले. ती नुसती पडून आहे."

दुसरा कोणी असता तर पाया पडला असता. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचीच तलवार! मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो की माझी नव्याने माझ्या घरात आली आहे, तिला मागे ठेवून जाणं बरं दिसणार नाही.

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. "नागामिनेसान काही बोलले का आपल्याशी?"

"आमचं हल्ली बोलणं नाही."

"असं." मग म्हणाले, "मग एकच गुंडाळी घ्या. मऊ, चांगली भिजलेली. आत काही नको."

दारात त्यांनी मिसाएला पुन्हा वाकून नमस्कार केला. इतकं खाली मी त्यांना कधी वाकताना पाहिलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर

मऊ, एक, आत काही नको! पोरांना देतात तशी. मागच्या वर्षी डॉक्टरने हिरवा बांबू घातलेली गुंडाळी कापली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बांबू हाडासारखा आणि चटई मांसासारखी, असं जुने लोक म्हणायचे.

ती गुंडाळी मीच बांधली होती.

यंदाही मीच बांधतो आहे. अंगठ्याएवढा जाड हिरवा बांबू, वर नव्या गवताचं आवरण, दोन पदरी. दोऱ्या दात लावून आवळल्या. मिसाएला वाटतं नेहमीचीच आहे. टाकीत बुडवून ठेवली आणि वर दगड ठेवला. बुडबुडे येत राहिले.

मला भीती वाटते आहे का? थोडी. पण चांगल्या कामाआधी वाटतेच.

१८ ऑक्टोबर

झोप येत नाही म्हणून लिहितो. आज पहाटेपासून जे झालं ते सरळ लिहितो.

देवळाच्या पटांगणात गाव जमलं होतं. ऊन होतं. चार जणांचं कापून झालं, माझा नंबर शेवटचा. मिसाए पहिल्या रांगेत डाव्या हाताला बसली होती, आपला राखी किमोनो घालून. इतक्या वर्षांत ती मला कापताना बघायला पहिल्यांदाच आली होती.

डॉक्टरने टाकीतून गुंडाळी उचलली. उचलताच थांबला. वजनावरून त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली. त्याने ती खुंटावर बसवली, दोनदा दाबून पाहिली, आणि मग माझ्या डाव्या बाजूच्या लोकांना उठवायला लागला. "जरा मागे व्हा. इकडे नको, तिकडे बसा. आजी, तुम्हीपण." लोक उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जणू हा नवशिक्या कुठे तलवार फेकेल सांगता येत नाही!

"अहो, मी पण उठू का?" मिसाएने विचारलं.

"तू बस तिथेच!" मी ओरडलो. सगळ्यांनी ऐकलं. ती बसली.

डॉक्टर बाजूला जायचा, तो गेला नाही. मिसाएच्या पुढे येऊन उभा राहिला, हात समोर बांधून. मी म्हणालो, "डॉक्टर, बाजूला हो."

"मी इथे ठीक आहे, काझू," तो म्हणाला. "तू काप."

मी कापलं.

आवाज काचेचं भांडं फुटल्यासारखा आला. हातातलं वजन एकदम कमी झालं. चटई खुंटावर अर्धी चिरून उभीच होती, आणि माझ्या हातात मुठीला जोडलेलं आखूड पातं. उरलेलं कुठे गेलं ते मला दिसलं नाही. डॉक्टर खाली बसला, हळूच, थकलेला माणूस बसतो तसा. त्याने उजवा हात तोंडासमोर उचलला होता, तो तसाच राहिला. मिसाए त्याला धरून होती. तिचा राखी किमोनो पार लाल झाला होता. तिला खरचटलंसुद्धा नाही.

मी तुटलेलं टोक बघितलं. तुटलेल्या जागी धारेकडचा काही भाग जुनाट, काळपट होता, आणि बाकीचा ताजा, पांढरा. काळा भाग केव्हाचा होता कोण जाणे.

१९ ऑक्टोबर

पोलीस येऊन गेले. तुकडे घेऊन गेले. त्यांनी डॉक्टरचं म्हणणं मला वाचून दाखवलं: तलवार जुनी होती, आतला दोष बाहेरून कोणालाही दिसण्यासारखा नव्हता, कोणाचीही चूक नाही.

मिसाए आतल्या खोलीत झोपली. दार लावून घेतलं.

२४ ऑक्टोबर

आज हॉस्पिटलात डॉक्टरला भेटू दिलं. खिडकीपाशी पलंग. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या तुटल्या होत्या, त्या शिवल्या आहेत. नर्स म्हणाली की अंगठा पूर्ण वाकेल असं नाही. दातात बारीक काम करणारा माणूस. मी खुर्ची ओढून बसलो.

"मिसाए कशी आहे?" त्याने विचारलं.

"बोलत नाही माझ्याशी."

"बोलेल. शिव्या द्यायला लागली की समज ठीक आहे."

मग मी विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. तुझ्या अंगणात."

"मग सरळ सांगायचं होतंस की! पोलिसांशी खोटं बोलतोस, माझ्याशी खरं बोलायला काय झालं होतं? कानफटात वाजवून सांगायचंस!"

"आधी वाटलं तू विचारशील. मग वाटलं तू विकशील. त्यानंतर तू जे बोललास, त्यावर मी तडा म्हटलं असतं तर तुला काय ऐकू आलं असतं?" त्याने डोळे मिटले. "म्हणाला असतास, डॉक्टर जळतो. मला पुन्हा दुकानात पाय ठेवू दिला नसतास. मला तुझ्या दुकानात येऊन बसायची सवय आहे रे. दुसरीकडे कुठे जाऊ मी?"

खोटं बोलून त्याला बरं वाटू देता आलं असतं. पण मी म्हणालो, "नसता ठेवू दिला."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना. मी तिथे त्याच्यासमोर रडलो, लहान पोरासारखा, नाकातून पाणी येईपर्यंत.

त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "पिशवीत काय आणलंयस? वास येतोय."

हिरव्या सालीची संत्री होती, हंगामातली पहिली. मी एक सोललं, वरचे पांढरे धागेही काढले आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने सवयीने उजवा हात उचलला. बँडेजचा गोळा मध्येच थांबला. आम्ही दोघांनीही तो पाहिला, आणि मग त्याने डावा हात पुढे केला.